जुळलेली तेरीज आणि राहून गेलेली नोंद

पावसाळ्यातली एक संध्याकाळ. आम्ही नुकतेच कचेरीतून घरी येऊन चहाची कपबशी हातात घेतली होती. बाहेर लोणंदच्या बाजारातून निघालेल्या कांद्याच्या गाड्यांची ये-जा चालली होती. आमची मुलगी यंदा दहावीला आहे. मंडळाच्या वाचनालयातून आणलेले, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातील हुकूमशहांवरचे एक पुस्तक ती मांडीवर घेऊन बसली होती. वाचता वाचता तिने मान वर केली आणि विचारले, "बाबा, हिटलरनं काही तलवार घेऊन गादी बळकावली नव्हती म्हणे. संसदेतल्याच लोकांनी मतं देऊन त्याला सगळे अधिकार देऊन टाकले. माणसं असं करतात तरी कशी?"

आम्ही बी. कॉम. झालेलो. इतिहास हा काही आमचा विषय नव्हे. परंतु चळवळीत वावरल्यामुळे चार पुस्तके वाचली आहेत आणि व्याख्यान देण्याची खोडही आहे. आम्ही सरसावून बसलो आणि अर्धा तास बोललो. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही त्या सभागृहात असता तर काय केलं असतं?"

"विरोधात हात वर केला असता! दुसरं काय?" आम्ही तत्काळ उत्तर दिले.

आत मुलीची आई कांदा चिरीत होती. तिथूनच तिने विचारले, "आणि मंडळाच्या त्या ठरावाला कुठला हात वर केला होता?"

चहा निवून गेला. त्या प्रश्नाला उत्तर नव्हते. ते उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. वाचक बंधू-भगिनींनी तो एका कारकुनाचा कबुलीजबाब समजावा.

प्रथम मुलीला जे सांगितले ते थोडक्यात सांगतो. पहिले महायुद्ध १९१८ साली संपले. कोट्यवधी माणसे मेली होती, कारखाने बंद पडले होते, लढून परतलेल्या शिपायांच्या हाताला काम नव्हते. इटलीत मुसोलिनीने काळे डगले घातलेल्या टोळ्या उभ्या केल्या. या टोळ्या मजूर संघटनांच्या कचेऱ्या जाळीत, पुढाऱ्यांना झोडपून काढीत. १९२१ च्या निवडणुकीत त्याच्या पक्षाला ५३५ पैकी अवघ्या ३५ जागा मिळाल्या होत्या. तरीही ऑक्टोबर १९२२ मध्ये त्याने रोमवर चाल करण्याची धमकी दिली आणि राजाने त्यालाच बोलावून पंतप्रधान केले. पुढच्याच महिन्यात त्या लोकसभेने ३०६ विरुद्ध ११६ मतांनी त्याच्यावर विश्वास टाकला. ३५ चे ३०६ कसे झाले? बाकीचे भले लोक म्हणाले, जरा कडक माणूस आहे, पण शिस्त तरी लावील; मग बघू. ते 'मग' पुन्हा आलेच नाही. ३० मे १९२४ रोजी मात्तेओत्ती नावाचा समाजवादी खासदार उभा राहिला आणि त्याने निवडणुकीतील मारहाणीचा व लबाडीचा पाढा सभागृहात वाचला. १० जून रोजी भर रस्त्यातून त्याला मोटारीत घालून नेले आणि ठार मारले. १९२६ अखेर इटलीत दुसरा पक्षच उरला नाही.

जर्मनीत तर लोकशाहीची घटना होती, मतदानाचा हक्क स्त्रियांनाही होता. पण १९२३ साली तेथील पैशाचे मोल इतके घसरले की, नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत. आयुष्यभराची शिल्लक पावाच्या एका तुकड्याला पुरेना. त्यातून देश सावरतो न सावरतो तोच १९२९ ची जागतिक मंदी आली आणि साठ लाखांच्या आसपास लोक बेकार झाले. हिटलरच्या पक्षाला १९२८ मध्ये १२ जागा होत्या. १९३० मध्ये १०७ झाल्या. जुलै १९३२ मध्ये २३०. तरीसुद्धा खुल्या निवडणुकीत त्याला कधी निम्मी मते मिळाली नाहीत. ३० जानेवारी १९३३ रोजी त्याला खुर्चीवर बसवले ते म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्षाने आणि 'हा आमच्या मुठीत राहील' असे समजणाऱ्या बड्या मंडळींनी. महिन्याभरात संसदेची इमारत जळाली. त्या भीतीच्या वातावरणात २३ मार्च १९३३ रोजी एक कायदा पुढे आला : यापुढे सरकारने संसदेला न विचारता कायदे करावेत. कम्युनिस्ट खासदारांना आधीच तुरुंगात किंवा परागंदा केले होते. सभागृहात गणवेषधारी टोळ्या उभ्या होत्या. कायद्याच्या बाजूने ४४४ मते पडली आणि विरोधात ९४. ती ९४ सगळी सोशल डेमोक्रॅट पक्षाची. कायदा म्हणे चार वर्षांपुरताच होता! मुदत वाढत गेली. २ मे १९३३ रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, जुलैत बाकीचे पक्ष बंद झाले, १९३५ मध्ये ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. पुढे युद्धकाळात साठ लाख ज्यू मारले गेले.

आणि हे केवळ भांडवलवाल्यांच्याच बाजूने घडले असेही नाही. रशियात मजुरांच्या नावाने राज्य आले, पण स्टालिनच्या हाती सगळी सूत्रे गेल्यावर १९३७ आणि १९३८ या दोन वर्षांत ६ लाख ८० हजारांहून अधिक माणसे गोळ्या घालून मारल्याची नोंद त्यांच्याच दप्तरात सापडली. नाव कुणाचे घेतले याला महत्त्व नाही. जाब विचारणारा शिल्लक ठेवला की नाही, याला आहे.

इथवर मुलीने ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "पण हे सगळं तिकडं लांबचं. आपल्याकडं असं कुठं होतं?"

लांबचे? लोणंद स्टेशनावरून मिरजेकडे जाणारा जो रूळमार्ग आहे, तोच पुढे बेळगाव, लोंढ्यावरून घाट उतरून गोव्याला जातो. आमचे आजोबा या मार्गावर गँगमन होते. १९५५ साली गोव्याच्या सत्याग्रहाला निघालेल्या लोकांनी भरलेले डबे त्यांनी पाहिले होते. रुळाच्या कडेला फावडे टेकून ते आणि त्यांचे सोबती उभे राहत, आतले लोक घोषणा देत. आजोबा सांगत, "आम्हाला वाटलं ही सगळी गोऱ्या सायबाशी भांडाय चाललीत. गोरा सायब तर आठ वर्सामागं गेलता." तो दुसरा गोरा साहेब म्हणजे पोर्तुगालचा सालाझार. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जे हुकूमशहा उगवले त्यांतलाच हा एक. त्याच्या राज्यात आपल्याच भाषा बोलणारी, आपल्याच गावांशी सोयरिकी असणारी माणसे १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राहत होती. हिटलर, मुसोलिनी १९४५ मध्ये गेले. सालाझार आमच्या शेजारी आणखी सोळा वर्षे होता.

हा सालाझार आम्हा कॉमर्सवाल्यांना विचार करायला लावणारा माणूस आहे. तो ना सेनापती होता, ना चौकात ओरडणारा वक्ता. कोइंब्रा विद्यापीठातला अर्थशास्त्राचा प्राध्यापक. राहणी साधी, बोलणे थोडे. १९२६ मध्ये पोर्तुगालच्या लष्कराने तेथील प्रजासत्ताक मोडून काढले, पण लष्कराला काही तिजोरी सांभाळता येईना. १९२८ साली त्यांनी या प्राध्यापकाला अर्थमंत्री होण्याची विनंती केली. त्याने एक अट घातली : प्रत्येक खात्याच्या खर्चावर माझी मंजुरी लागेल. अट मान्य झाली. वर्षभरात तुटीचे अंदाजपत्रक शिलकीचे झाले. लोक म्हणू लागले, वा! असा माणूस हवा. १९३२ मध्ये तो पंतप्रधान झाला. मार्च १९३३ मध्ये त्याने नव्या घटनेवर लोकांचा कौल घेतला आणि त्या मोजणीत जे मतदानाला आलेच नाहीत त्यांनाही 'होय' म्हणणाऱ्यांत धरले. वाचकहो, हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे ते आमच्या अंगावर येणार आहे.

पोर्तुगालचा जमाखर्च जुळत होता. आणि गोव्यात? १९३० च्या वसाहत कायद्याने ठरवून टाकले की, वसाहतींवर ताबा ठेवणे आणि तिथल्या रहिवाशांना 'सुसंस्कृत' करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे कार्य होय. कुणी कुणाला सुसंस्कृत करायचे, याचा अनुभव आपल्या समाजाला वेगळा सांगायला नको. सभा घ्यायची तर परवानगी, छापायचे तर सेन्सॉर. लग्नाच्या पत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी दाखवाव्या लागत, असे गोव्यातली जुनी माणसे सांगतात. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावला सभेत उभे राहिले तर त्यांना पकडले. त्यानंतर लवकरच त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. १९५४ साली म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीला गेले होते. गोवा म्हणजे पोर्तुगालच, अशा अर्थाचे भाषण तिथे झाले. डॉक्टर एवढेच म्हणाले, "मी निषेध करतो." तेवढ्या बोलण्यावरून त्यांना अटक झाली आणि पोर्तुगालला नेण्यात आले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सरहद्द ओलांडून गेलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. वीसहून अधिक माणसे मेली. आजोबांनी पाहिलेल्या डब्यांतले किती जण परत आले, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही.

कॉलेजात आम्हाला तेरीज शिकवली. खतावणीतील सगळ्या खात्यांच्या नावे बाजू आणि जमा बाजू समोरासमोर मांडायच्या आणि बेरजा पाहायच्या. बेरजा जुळल्या की विद्यार्थी खूश. पण आमचे सर बजावत, तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आहे असे समजू नका. काही चुका तेरजेत दिसतच नाहीत. त्यांतली सर्वांत वाईट म्हणजे वगळण्याची चूक. जो व्यवहार कीर्दीत लिहिलाच नाही, तो नावेलाही नाही आणि जमेलाही नाही. त्यामुळे बेरजा छान जुळतात. सालाझारच्या वहीत पेनिशच्या कोठडीची नोंद नव्हती. गायतोंड्यांच्या दोन शब्दांना कुठले खातेच नव्हते. म्हणून त्याची तेरीज वर्षानुवर्षे जुळत राहिली.

आता मंडळाच्या ठरावाकडे येतो.

आमच्या वस्तीचे मंडळ जुने आहे. वर्गणी काढून जयंती करतो, छोटे वाचनालय चालवतो आणि गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी एक साहाय्य निधी आहे. अध्यक्षांना सगळे दादा म्हणतात, आम्हीही म्हणतो. माणूस कर्तबगार. आमच्या आईला रात्री दोन वाजता त्रास सुरू झाला तेव्हा गाडी घेऊन दारात उभे राहिले ते दादाच. त्यांची आणि त्या राक्षसांची तुलना आम्ही करीत नाही. तसे करणे अन्यायाचे होईल आणि साठ लाख मेलेल्यांचा अपमानही होईल. आम्ही तुलना करतो आहोत ती आमच्यासारख्यांची : तिथल्या हात वर करणाऱ्यांची आणि इथल्या.

२०२० साली करोनाची साथ आली. टाळेबंदीत हातावर पोट असलेल्या घरांत चुली थंडावल्या. दादांनी ओळखीपाळखी वापरून धान्य आणले, घरोघर पोचवले. सभा घेणे शक्य नव्हते. तेव्हापासून लोक म्हणू लागले, सभा कशाला, दादा बघतील. २०२१ मध्ये ठराव झाला : पुढील निर्णय होईपर्यंत कार्यकारिणीचे सर्व अधिकार अध्यक्षांकडे राहतील, बँकेतील खाते त्यांच्या एकट्याच्या सहीने चालेल, निवडणूक तूर्त स्थगित राहील. तो ठराव आम्ही लिहिला. चिटणीस आम्हीच. अक्षर आमचे चांगले आहे, मसुदाही आमचा चांगला असतो. दहा-बारा जण जमले होते, सर्वांनी हात वर केले, आम्हीही केला. बाकीच्यांना फोनच्या ग्रुपवर मजकूर पाठवला आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांची संमती धरली. 'उत्तर न आलेल्यांची संमती गृहीत' हे शब्द इतिवृत्तात आमच्याच हातचे आहेत. सालाझारने १९३३ साली जे केले ते आम्ही लोणंदमध्ये बसून, त्याचे नावही न घेता, करून ठेवले होते.

साथ ओसरली, ठराव राहिला. पैशाचा अपहार झाला का? नाही. हे आम्ही शपथेवर सांगू. पावती पुस्तके तपासली आहेत. ताळेबंद पैशापैशाला जुळतो. लोक हेच सांगतात, "खाल्लं का दादांनी काही? मग कशाला विचारता?" आमचेही मत अनेक दिवस तेच होते.

२०२२ च्या जयंतीच्या तयारीच्या बैठकीत एका तरुणाने उठून विचारले, निवडणूक कधी? दादा हसले. इतर जण हसले नाहीत. ते त्या पोराकडे रागाने पाहू लागले. "दादांवर विश्वास न्हाई व्हय तुजा?" एकाने विचारले. त्यानंतर तो पोरगा बैठकीला आला नाही. त्याच्यामागून आणखी चार जण येईनासे झाले.

त्या तरुणाची बहीण विधवा आहे. बाजारात कांदा निवडायला जाते. २०२३ साली तिच्या मुलाला आयटीआयला प्रवेश मिळाला. फीसाठी आणि हत्यारांसाठी तिने साहाय्य निधीकडे अर्ज केला. चिटणीस म्हणून तो आमच्या हातात आला. आम्ही दादांना दाखवला. त्यांनी वाचला, भावाचे नाव पाहिले आणि एवढेच म्हणाले, "राहू दे सध्या."

आम्ही राहू दिला.

नामंजूर केला नाही. नामंजूर केला असता तर इतिवृत्तात लिहावा लागला असता, कारण द्यावे लागले असते. फाइलमध्ये इतर कागदांखाली ठेवून दिला. ती बाई दोनदा घरी येऊन गेली. "बघतो," आम्ही म्हणालो. मुदत टळली. पोरगा एका कारखान्यात ठेकेदाराकडे हमालीला लागला. निधीची रक्कम शिल्लक होती; त्या वर्षीच्या ताळेबंदात ती झळकतेही आहे. तेरीज जुळली. अर्जाची नोंदच नव्हती, तर न जुळायला काय झाले?

मुलीच्या आईने कांदा चिरता चिरता जो प्रश्न विचारला, त्याच्या पोटात हा अर्ज होता. तिला ठाऊक होते. तीही त्या बाईला रोज पाहत होती.

त्या रात्री झोप आली नाही. उठून बाबासाहेबांची भाषणे काढली. सप्टेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांचे एक अभ्यास शिबिर झाले, त्याच्या समारोपात, १७ सप्टेंबरला, ते बोलले. युद्ध ऐन भरात होते. त्यांनी कामगारांपुढे प्रश्न ठेवला की, इटली, जर्मनी, रशिया या देशांत संसदीय लोकशाही इतक्या सहज का कोसळली आणि इंग्लंड-अमेरिकेत ती का टिकली? त्यांचे उत्तर असे की, जिथे सामाजिक आणि आर्थिक लोकशाही काही प्रमाणात तरी होती तिथे राजकीय लोकशाही तग धरून राहिली; जिथे ती नव्हती तिथे मताचा हक्क हा नुसता सांगाडा ठरला. नुसत्या स्वातंत्र्याच्या गप्पा झाल्या, समतेकडे पाहिलेच नाही. ज्याच्या पोटाला नाही, ज्याला शेजारी बरोबरीचा मानत नाही, त्याला लोकशाही गेल्याचे दुःख होत नाही.

मग २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण काढले. घटना समितीतले हे भाषण आपण दरवर्षी सभांतून ऐकतो, आम्ही स्वतः ते किती वेळा सांगितले असेल! जॉन स्टुअर्ट मिलचा दाखला देऊन बाबासाहेब बजावतात की, कितीही थोर माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी ठेवू नका. आपल्या संस्था उलथवता येतील इतका अधिकार त्याच्या हाती देऊ नका. धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेलही, पण राजकारणात भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आयर्लंडच्या ओकॉनेलचा आधार घेऊन त्यांनी कृतज्ञतेलाही मर्यादा घातली : स्वतःचा मान विकून कुणी कृतज्ञ राहू नये.

आम्ही तिथे थांबलो. आईसाठी रात्री दोन वाजता आलेली ती गाडी आठवली. दादांचे आम्ही ऋणी आहोत आणि राहू. पण ते ऋण आमचे होते. ते आम्ही त्या विधवेच्या पोराच्या वर्षाने फेडले. आपले देणे दुसऱ्याच्या खात्यावर नावे टाकले. कारकुनीत याला काय म्हणतात हे सांगायला नको.

गेल्या ऑक्टोबरात वार्षिक सभा लावण्याचा आग्रह आम्ही धरला आणि दोन विषय पत्रिकेत घातले. आदल्या दिवशी दादांच्या घरी जाऊन त्यांना सांगून आलो. मागून काही करायचे नाही असे ठरवले होते. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. मुसोलिनीचा विरोध करणे सोपे वाटते, कारण तो आपल्या आईला दवाखान्यात नेत नाही.

सभेला तेवीस जण होते. पहिला विषय आम्ही स्वतःच मांडला. फाइलमधून तो अर्ज काढला, तारखेसह वाचला आणि तो सभेपुढे न ठेवल्याचा दोष आमचा आहे, दादांचा नव्हे, असे सांगितले. दादांनी राहू दे म्हटले होते. राहू दिला आम्ही. ती बाई मागे बायकांत बसली होती. वाचून झाल्यावर सगळे गप्प. तिनेच तोंड उघडले : "आता वाचून काय उपेग, भाऊ? पोराचं वरीस गेलं ते गेलं. पर वाचलासा ते बरं केलंसा."

दुसरा विषय २०२१ चा ठराव रद्द करण्याचा. बाजूने नऊ हात वर झाले, विरोधात तेरा. एक जण तटस्थ राहिला आणि आम्ही त्याला तटस्थच लिहिले. कुणाच्या बाजूने गृहीत धरले नाही. ठराव पडला. त्या नऊंत पाच बाया होत्या. नऊही नावे इतिवृत्तात घातली आहेत. १९३३ च्या त्या ९४ जणांनाही आपण हरणार हे ठाऊक होते; तरी त्यांनी हात वर केला, म्हणून आज जर्मन माणसाला सांगता येते की सगळे तसे नव्हते. आमच्या नऊ जणांवर टोळ्या सोडल्या नव्हत्या. फक्त काही घरांतला चहा बंद झाला आहे. तेवढे सोसायला हवे.

चिटणीसपद आम्ही सोडलेले नाही. दर वार्षिक सभेला तो विषय पुन्हा ठेवणार आहोत. आणि त्या मुलाला यंदा पुन्हा अर्ज भरायला लावला आहे. प्रवेश मिळाला तर त्याची फी निधीतून मागू. निधीने नाकारली तर कारणासह लिहून घेऊ आणि आम्ही भरू.

वाचकांना विनंती एवढीच. आपापल्या गावी मंडळ असेल, पतसंस्था असेल, महिलांचा बचत गट असेल, कामगारांची युनियन असेल. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात. निवडणूक ठरल्या वेळी होते का? सह्या दोघांच्या आहेत का? आणि नाकारलेल्या अर्जांची वही आहे का? ही तिसरी वही कुणी ठेवत नाही. आम्ही ती आता सुरू केली आहे. पहिल्या पानावर एकच नोंद आहे, २०२३ सालची. हुकूमशहा दिल्लीत किंवा रोमला तयार होत असतील, पण 'राहू दे सध्या' ऐकून कागद खाली सरकवणारा कारकून गल्लीतच तयार होतो. त्याच्यावाचून त्यांचे चालत नाही.

ते पुस्तक मुलीने वाचून परत केले. परत करताना म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी सभेला मी मागं बसले तर चालेल का? मत नाही देता यायचं, पण कुणी किती हात वर केले ते मोजीन."

आम्ही म्हटले, चालेल. मोजणारे कुणीतरी हवेच आहे.

जयभीम.